डोमचं ग्रीनहाऊस आणि डोमचं घर: सातारा-सांगलीकडं नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओत बर्फात उभा असलेला काचेचा घुमट दिसतो, आत टोमॅटो लगडलेले, आणि मग कराड, विटा, तासगाव, फलटणकडून एकच प्रश्न येतो की आपल्याकडं होईल का. होतं. पण तिकडं तो ज्यासाठी बांधतात त्याच्यासाठी आपल्याकडं नाही, हे आधी डोक्यात घ्या आणि मग पुढचं वाचा.

डोमच कशाला? साधं पॉलिहाऊस काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही. १० गुंठ्यात ढोबळी, काकडी नायतर जरबेरा करून माल मार्केटला पाठवायचा असेल तर गुमान नेहमीचं पॉलिहाऊस करा, त्याचे कारागीर मिळतात, पार्ट मिळतात, बेड सरळ पडतात, ड्रिपच्या लॅटरल सरळ जातात. गोल जागेत सरळ बेड पाडले की कडेला कोपरे वाया जातातच. डोम परवडतो तो छोट्या कामाला, म्हणजे घरामागची भाजी, रोपांची छोटी नर्सरी, शाळेची बाग, नाहीतर पाचगणी-वाईकडं पाहुण्यांसाठी केलेला फार्मस्टे. डोमचा सगळा सांगाडा त्रिकोणांचा असतो, आणि त्रिकोण दाबला तरी वाकडा होत नाही, चौकोन मात्र वाकडा होतो, एवढंच त्यामागचं गणित, म्हणून हलक्या पाईपातसुद्धा चांगली ताकद येते आणि मधे एकही खांब लागत नाही.

ही आयडिया कुणाची?

त्रिकोणांचा असा सांगाडा पहिल्यांदा उभा केला जर्मनीत, येना गावात, झाइस कंपनीच्या वाल्थर बाउअर्सफेल्ड या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात, तारांगणासाठी. पुढं अमेरिकेत बकमिन्स्टर फुलरनं १९५४ ला पेटंट घेतलं आणि नाव त्याचंच झालं. झाडांसाठी म्हणाल तर सेंट लुइसच्या बोटॅनिकल गार्डनमधला क्लायमॅट्रॉन १९६० चा, इंग्लंडमधला ईडन प्रोजेक्ट २००१ चा. फुलरचा सगळ्यात गाजलेला डोम माँट्रियलच्या १९६७ च्या प्रदर्शनातला, ७६ मीटर व्यासाचा. १९७६ ला दुरुस्तीचं वेल्डिंग चालू असताना त्याचं वरचं ॲक्रिलिक पेटलं आणि सगळं जळून गेलं, स्टीलचा सांगाडा मात्र अजून उभा आहे. आपल्या कामाचं त्यात एवढंच की प्लॅस्टिकचा कागद चढवल्यावर सांगाड्यावर वेल्डिंग मारायचं नाही, "एकच टाका मारतो" म्हणणाऱ्या वेल्डरला तर अजिबात चढू देऊ नका.

विजापूरचा गोल गुंबज म्हणजे हाच प्रकार का, असंही विचारतात. नाही. तो वीट-चुन्याच्या वजनावर उभा आहे, हा पाईपाच्या ताणावर.

आपल्याकडं थंडीच किती पडते, मग बारा महिन्यांसाठी डोम कशाला?

हाच खरा प्रश्न. थंड देशात डोम ऊब धरून ठेवायला बांधतात, आत पाण्याच्या टाक्या भरून दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत उघड्या रानातसुद्धा मेथी, पालक, वाटाणा, टोमॅटो सगळं झकास येतं, त्यासाठी पाईपावर पैसे घालायची गरजच नाही. अगदी महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ एखाद्या हिवाळ्यात दवबिंदू गोठतात आणि पेपरात फोटो येतो, तिथंही स्ट्रॉबेरी मल्चिंगवर उघड्यावरच होते.

आपली अडचण दोन ठिकाणी आहे. एक जून ते सप्टेंबर, पालेभाजी पावसानं झोडपते, चिखल उडून सडते, आणि दुसरी मार्चअखेर ते मे, जेव्हा ऊन सहन होत नाही. कोथिंबिरीचा भाव कधी कडाडतो आठवून बघा, याच दोन टायमाला. म्हणजे आपला डोम हा वरून छत्री आणि खालून खिडकी असा पाहिजे. व्हिडिओतला बंद घुमट जसाच्या तसा आटपाडीत उभा केला तर एप्रिलमध्ये दुपारी आत बाहेरच्यापेक्षा सहज १० अंश जास्त होतं, आणि बाहेरच ४० असतं. ३५ च्या वर गेलं की टोमॅटो-ढोबळीचा पराग निकामी व्हायला लागतो, फूल गळतं, झाड हिरवंगार दिसतं आणि फळ काही धरत नाही.

त्यात आपल्या जिल्ह्यात सगळीकडं एकच हवा नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, आणि त्याच साताऱ्यात दहिवडी-म्हसवडकडं ५०० च्या आसपास. जत, आटपाडी, माण, खटावला उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथं फॉगर लावला की धुकं हवेत विरताना उष्णता ओढून घेतं आणि खरोखर गार होतं. पाटण-जावळीला पावसाळ्यात हवाच ओली, तिथं फॉगर चालवणं म्हणजे भुरी-करप्याला आवतण देणं.

मग हवा खेळती कशी ठेवायची?

२० फूट व्यासाचा डोम धरू, पुढची सगळी मापं त्याचीच देतोय. आतली जागा २९४ चौरस फूट भरते. सगळ्यात वरती पाच त्रिकोणांचा पंचकोन येतो, त्याच्यावर पक्का कागद न लावता एक फूट उंच उचललेली टोपी करा. पंचकोनाचा घेर साधारण ३१ फूट, म्हणजे नुसत्या टोपीखालून ३१ चौरस फूट मोकळं मिळालं आणि पाऊसही आत येत नाही. गरम हवा वर चढते, तिथून निघून जाते.

पण वरून निघायला खालून आत आली पाहिजे ना, हे निम्मे लोक विसरतात. त्यासाठी डोम थेट जमिनीवर न ठेवता अडीच फूट कठडा करा, खाली एक फूट वीट नाहीतर दगड आणि वर दीड फुटाची जाळीची खिडकी चहूबाजूंनी. दहा बाजूंचं मिळून ९० चौरस फुटांच्या वर होतं. कागदाचा पडदा वरून खाली गुंडाळी करून सोडता येईल असा ठेवा. एरवी पुस्तकात व्हेंट जमिनीच्या २०-२५ टक्के सांगतात, आपण ४० पर्यंत गेलो कारण ४० मेशची कीडरोधक जाळी लावली की हवेला बराच अडथळा होतो. कठड्याचा आणखी एक फायदा म्हणजे कडेलाही माणूस उभा राहून काम करू शकतो, नाहीतर डोमची भिंत आत झुकलेली असल्यामुळं कडेचा वाफा खुरपताना डोकं पाईपाला लागतं.

पाईप किती लागतात? माप कसं काढायचं?

छोट्या डोमला टू-व्ही म्हणतात तो प्रकार बास झाला. त्यात दोनच लांबीचे पाईप. त्रिज्येला ०.६१८ नं गुणलं की लांब पाईप, ०.५४६५ नं गुणलं की आखूड. २० फुटी डोमची त्रिज्या १० फूट म्हणजे ३०४८ मिमी, मग लांब पाईप १८८४ मिमी आणि आखूड १६६६ मिमी. हे माप भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं, पाईपाच्या टोकापासूनचं नव्हे. दोन्ही टोकाला २५-२५ मिमी जास्त धरा, म्हणजे कापायची लांबी १९३४ आणि १७१६.

लांब ३५ नग आणि आखूड ३० नग, एकूण ६५. जोड २६, त्यात खालचे दहा चार पाईपांचे, दहा सहा पाईपांचे आणि सहा पाच पाईपांचे. सहा मीटरच्या एका जीआय (जस्त चढवलेल्या) पाईपात लांब तीन बसतात आणि आखूडही तीनच, म्हणजे १२ अधिक १० असे २२ पाईप आणा. आखूड कापल्यावर प्रत्येक पाईपाचा ८५० मिमीचा तुकडा उरतो, तो भंगारात घालू नका, कठड्याच्या खिडक्यांचे उभे दांडे त्यातच होतात.

दुकानात इंचात आणि कागदावर मिमीत असा घोळ घालू नका. सगळं मिमीत, एकाच टेपनं. ३ मिमीचा फरक एका पाईपात काही वाटत नाही पण ६५ पाईपांत साठत जातो आणि शेवटचा बोल्ट काही केल्या बसत नाही, मग हातोडा निघतो.

पाईपाची टोकं दाबायची कशी?

हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या, फॅब्रिकेशनवाल्याकडं असतो. दाबताना पाईपाची शिवण बघा, ती आतून हाताला लागते. शिवण चपट्या भागाच्या मधोमध आली पाहिजे, कडेच्या घडीवर आली तर तिथंच फाटते आणि फाटलेलं लगेच दिसत नाही, वारा सुटला की कळतं. टोकापासून ७० मिमीपर्यंत चपटं करा, मग १३ मिमीचं भोक, मग वाकवणं. लांब पाईपाची टोकं १८ अंश आणि आखूडची १६ अंशाला थोडी कमी. पत्र्याचा एक कोन कापून ठेवा आणि प्रत्येक टोक त्याला लावून बघा. एका पाईपाची दोन्ही टोकं एकाच बाजूला वाकली पाहिजेत, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण सांगावं लागतं.

दाबलेल्या ठिकाणी जस्ताचा थर तडकतो, दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो. झिंकचा कोल्ड गॅल्व्हनायझिंग स्प्रे मिळतो तो दोन हात मारा. मग लांब पाईपांच्या टोकाला लाल आणि आखूडला निळा पट्टा ओढा, कारण वर चढल्यावर २१८ मिमीचा फरक दिसतो खरा पण ऊन तापलं की कुणाला काही दिसत नाही.

जोडणी खालून वर. तळाचं कडं दहाही लांब पाईपांचं. पाच पाईपांच्या जोडात पाचही आखूड, त्याच्याभोवतीचा पंचकोन लांब पाईपांचा. एवढं पाठ केलं की नकाशा लागत नाही. एम-१२ चे बोल्ट, सहा टोकं एकावर एक येतात तिथं ६५-७५ मिमी लांबीचे, आणि सगळा सांगाडा पूर्ण झाल्याशिवाय एकही नट शेवटपर्यंत आवळायचा नाही.

वाऱ्यानं उडून जाईल का?

पाया नसेल तर जाईल. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या काय उगाच लावलेल्या नाहीत. आणि पठार सोडा, एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात पाच मिनिटं जे सुटतं त्यात साखर कारखान्याचे पत्रेसुद्धा जातात.

हिशेब करा. ताशी १४० किमीचा वारा धरला तर दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर. आपल्या डोमखालची जागा २७ चौरस मीटर, म्हणजे उचलणारा जोर दोन-अडीच टनांपर्यंत धरून चालायचं, आणि सांगाडा-कागद मिळून वजन किती तर तीनशे किलोच्या आतबाहेर. डोम कोसळत नाही हो, उचलला जातो. म्हणून खालच्या दहाही जोडांखाली दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल काँक्रीटचे ठोकळे, एकाचं वजन तीनशे किलो, दहाचं तीन टन. त्यात ॲन्कर बोल्ट. कठडा नुसता विटांवर विटा असेल तर उपयोग नाही, डोम कठड्याला आणि कठडा ठोकळ्याला सळईनं बांधलेला पाहिजे.

मिरज-वाळव्याच्या काळ्या जमिनीत अजून एक त्रास, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ठोकळे वरखाली होतात आणि सगळ्या मापांची वाट लागते. तिथं खड्डा जास्त खोल घ्या आणि मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करून मग काँक्रीट. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत हे काही नाही, तिथं खड्डा खणतानाच घाम निघतो तेवढा.

वर काय टाकायचं, कागद, पॉलिकार्बोनेट का नुसतं शेडनेट?

आधी २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद. ५८० चौरस फूट बाहेरचा पृष्ठभाग आहे, पण त्रिकोण कापताना वाया जातं म्हणून ८०० च्या हिशेबानं घ्या. नीट ताणून बसवला तर तीन वर्षं धरायला हरकत नाही, फडफडत राहिला तर एका वळवात पाईपावर घासून फाटतो. पाईप उन्हात तापतो तिथंच कागद आधी कमजोर होतो, म्हणून कागद टेकतो तिथं पाईपाला पांढरा रंग द्या. पॉलिकार्बोनेट दिसायला भारी, टिकतं जास्त, गारा सोसतं, पण त्रिकोण कापायचे म्हणजे शीटची नासाडी आणि प्रत्येक जोड गळायची जागा. डोम गळतात ही तक्रार डोमाइतकीच जुनी आहे. वरचा तुकडा खालच्यावर चढवायचा, कौलं घालतो तसा, निव्वळ सिलिकॉनवर भरवसा ठेवायचा नाही.

शेडनेट ५० टक्क्यांचं, आणि ते आतून नव्हे तर बाहेरून, कागदापासून वीतभर वर. आतून लावलं तर उष्णता आत शिरून मग अडते, काय फायदा.

बारा महिने काय काय घ्यायचं?

जून ते सप्टेंबर पालेभाजी. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, टप्प्याटप्प्यानं दर आठवड्याला एक वाफा, म्हणजे घरी रोज ताजं आणि उरलेलं शेजारी. खिडक्या सताड उघड्या, वरचा कागद फक्त पाऊस अडवायला. सकाळी पानावर दव-पाणी राहिलं तर करपा, डाऊनी (केवडा) येतो, द्राक्षवाल्यांना हे शिकवायला नको.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी ढोबळी, चेरी टोमॅटो, काकडी काय पाहिजे ते. काकडी पार्थेनोकार्पिक जातीची घ्या, तिला परागीभवन लागत नाही. जाळीमुळं मधमाशी आत येत नाही हे विसरून दोडका-भोपळा लावला तर नर फूल तोडून मादी फुलावर हातानं फिरवत बसावं लागतं, तेही लाल भोपळ्याला सकाळी लवकर आणि दोडक्याला संध्याकाळी. टोमॅटोला सुतळी हलवली तरी भागतं.

मार्चपासून शेडनेट चढवा, तांदुळजा, राजगिरा, गवार आणि सावलीत थोडी कोथिंबीर. आणि माझं स्पष्ट मत सांगतो, मे महिन्यात पीक घ्यायचा हट्ट सोडा. त्या टायमाला शेडनेट काढा, माती भिजवा, २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद अंथरून कडा मातीत दाबा, खिडक्या बंद करा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. कोवळ्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी यात बरीच मरते, औषधाचा खर्च वाचतो. जूनला निंबोळी पेंड आणि कुजलेलं शेणखत घालून पुन्हा सुरू. बारमाही म्हणजे ३६५ दिवस हिरवं पाहिजे असं कुणी सांगितलंय.

पाणी किती लागेल?

उन्हाळ्यात शेडनेटखाली दिवसाला साधारण ४ मिमी धरा, २७ चौरस मीटरला शंभर-सव्वाशे लिटर. दोनशे लिटरचा ड्रम चार-पाच फूट उंचावर ठेवून साधं ड्रिप चालतं, मोटर नको. पावसाळ्यात डोमवरून जे ओघळतं ते मिमीला २७ लिटर, दहिवडीच्या ५०० मिमी पावसातही साडेतेरा हजार लिटर होतं. त्यासाठी कठड्याबाहेर गोल चर काढून आत जुना कागद अंथरा आणि उताराला टाकी. चर नाही काढला तर सगळं पाणी पायाशी मुरतं आणि काळ्या जमिनीत त्याचा त्रास वर सांगितलाच.

बेदाणा नाहीतर हळद वाळवायला चालेल का?

हिरवा बेदाणा नाही. तो सावलीत, वाऱ्यावर, रॅकवर वाळतो म्हणून हिरवा राहतो, डोममध्ये उन्हात ठेवला की तांबूस पडणार आणि भाव पडणार. शिजवलेली हळद, मिरची, पापड, शेवया यांना एकदम छान, धूळ नाही, अवकाळीची भीती नाही. फक्त जमिनीवर न टाकता जाळीच्या मांडणीवर आणि टोपीची वाट मोकळी ठेवून, नाहीतर आतच वाफ धरते आणि हळदीला बुरशी.

याच पद्धतीनं राहायचं घर बांधता येईल का?

पाईप-कागदाचं नाही, पण फेरोसिमेंटचं किंवा दाबलेल्या मातीच्या विटांचं येतं. फेरोसिमेंट म्हणजे सळई आणि कोंबडी-जाळीवर इंच-दीड इंच सिमेंट-वाळूचा थर. मातीच्या विटांचे घुमट तर पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये शटरिंग न लावता बांधायला शिकवतात, इजिप्तमधली न्युबियन पद्धत ती.

कुठं बांधताय ते बघा. जत-आटपाडीला ठीक. पाटण-महाबळेश्वरला मी नको म्हणेन. डोमला पागोळी नसते, सगळा पाऊस भिंतीवरूनच खाली येतो, आणि त्या भागात आपली जुनी माणसं मोठ्या उताराचं छप्पर काढून वर भिंतींना गवताचे झाप लावत होती ते हौस म्हणून नव्हे. पातळ सिमेंटचं कवच दिवसभर तापतं आणि रात्री आत भट्टी, त्यामुळं वरून पांढरा चुना आणि शेंड्याला झरोका पाहिजेच.

कपाटाचा प्रश्न बायका पहिल्यांदा विचारतात आणि बरोबर विचारतात. २४ फुटी डोम थेट जोत्यावर ठेवला तर साडेसहा फुटी कपाट भिंतीपासून दोन फूट पुढं येतं, मागची जागा उंदरांना. म्हणून सात फूट सरळ भिंत आणि वर घुमट करा. आवाजही घुमतो, स्वयंपाकघरात भांडं पडलं की सगळ्या घराला कळतं, आणि एका बाजूला हळू बोललेलं समोरच्या टोकाला जसंच्या तसं ऐकू येतं, नव्या सुनेनं विचार करावा. माळा आणि कापडी पडदे घातले की कमी होतं.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या भागानं सोसलाय तिथं विटांचा घुमट असेल तर तळाला आरसीसीचं कडं, म्हणजे रिंग बीम, हवाच. घुमट खालच्या भिंतीला बाहेर ढकलत असतो, ते ढकलणं हे कडं धरून ठेवतं. गवंडी "कशाला पाहिजे" म्हणाला तर दुसरा गवंडी बघा, आणि नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्याच.

ग्रीनहाऊस घराला चिकटून बांधू का, असंही येतं. नको, ओल घरात येते, भिंतीला बुरशी धरते, डास वेगळे.

सबसिडी मिळते का?

पॉलिहाऊस-शेडनेटला एकात्मिक फलोत्पादन अभियानातून ठरवलेल्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते, अर्ज महाडीबीटीवर, पूर्वसंमती आल्यावरच काम सुरू करायचं. पण त्यातले सांगाड्याचे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यात डोम बसवणं अवघड, म्हणून सबसिडीच्या भरवशावर डोमचा हिशेब मांडू नका. घर बांधणार असाल तर बँकेत आणि ग्रामपंचायतीत आधी नकाशा दाखवा, गोल घराचं मूल्यांकन करताना तिथले साहेब डोकं खाजवतात.

कृष्णाकाठी आहे, पुराचं काय?

२००५, २०१९, २०२१ ला पाणी आलेलं रान असेल तर राहायचं घर नकोच. भाजीचा डोम चालेल, पण कठड्याच्या खिडक्यांचे पडदे पूर्ण गुंडाळून पाणी आरपार जाऊ द्या, अडवलं तर पाणी ढकलून सांगाडा वाकवतं. ड्रम रिकामे असतील तर आधी बांधा, तरंगून कागद फाडतात. पूर ओसरल्यावर पाईप धुवा, जोडांमधला गाळ आधी काढा, तिथं ओल धरून गंज येतो.

जुन्या कागदाचं काय करायचं?

जाळू नका. पाईपावर घासलेल्या कडा कापून टाकल्या की मधला भाग कडब्याच्या गंजीवर घालायला, पाण्याच्या चरात अंथरायला अजून दोन-तीन पावसाळे जातो, आणि अगदी चिंध्या झाल्या की भंगारवाला प्लॅस्टिकच्या भावानं नेतो, माती झटकून दिलात तर दोन रुपये जास्त देतो.